गावावर दुःख कोसळल्यावर मंडळीने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

दुर्घटना झाली की आपली मंडळी, म्हणजे गावातल्या चर्चची माणसं, धावून जाते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी बॅनर येतो, मग माईक, मग प्रार्थनासभा; आणि ज्या घरातलं माणूस गेलं तिथे दुपारी कोणाच्या पोटात काही गेलं का, हे तिसऱ्या दिवशी विचारलं जातं. हेतू चांगलाच असतो, फक्त सगळं उलटं होतं.

पुढचे टप्पे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांमध्ये पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या चुकांवरून लिहिले आहेत. उदाहरण शेततळ्यात बुडण्याचं घेतलं आहे, कारण आपल्या दुष्काळी पट्ट्यात ही बातमी उन्हाळ्याच्या सुट्टीत हमखास येते. अपघात असो, आग असो की दरड, क्रम साधारण हाच राहतो.

## टप्पा 1 : काही घडण्याआधीची तयारी

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढा. रोजच्या वाटपात काही विधवांना डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी जास्त उपदेश केला नाही. सात माणसं निवडली आणि काम त्यांच्या हाती दिलं. लहान मंडळीला पाच पुरतात:

1. घराजवळ थांबणारी व्यक्ती. शक्यतो दोघी बायका, ज्यांना गप्प बसता येतं.
2. दवाखाना आणि पोलीस स्टेशन सांभाळणारा. याला सरकारी कागद वाचता आले पाहिजेत.
3. स्वयंपाक आणि पाणी बघणारी.
4. पैशांची वही ठेवणारा.
5. बाहेरच्यांशी बोलणारा एकच माणूस : पत्रकार, पुढारी, इतर मंडळ्या, सगळ्यांशी.

पाळकसाहेब या पाचांत नकोत. ते सतरंजीची व्यवस्था बघत फिरले, तर लोकांजवळ बसणार कोण?

चर्चच्या कपाटात एक पिशवी भरून ठेवा. दोन चादरी, टॉर्च, वही-पेन, सगळ्या पिनांची मोबाईल चार्जरची वायर, बिस्किटांचे पुडे, सॅनिटरी पॅड आणि दोन हजार रुपये सुटे. सुटे यासाठी, की रात्री दोन वाजता सिव्हिलच्या बाहेरचा चहावाला पाचशेची नोट मोडून देत नाही.

तपासा : चर्चची किल्ली किमान दोन घरांत आहे ना? आमच्याकडे ती एकाच पंचांकडे होती आणि ते लग्नाला पुण्याला गेले होते.

## टप्पा 2 : पहिला तास

आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. हे प्रार्थनेच्या आधी. यात विश्वास कमी पडत नाही.

बुडालेल्या माणसाला पाण्याबाहेर काढल्यावर गावात जे होतं ते डोळ्यांसमोर आणा. कोणी पाय धरून उलटं लटकवतं, कोणी पोट दाबतं, कोणी मोबाईलवर आलेलं वाचून अंगावर मीठ टाकायला सांगतं. यातलं काहीही करू नका. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. मंडळीतल्या चार तरुणांना हे ग्रामीण रुग्णालयात आधीच शिकवून घ्या.

आणखी एक गोष्ट, स्पष्टच लिहितो. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराचं नाव घेऊन देहाभोवती कडं करून बसायचं आणि दवाखान्यात न्यायला उशीर करायचा, असं घडू देऊ नका. रुग्णवाहिकेत बसूनही प्रार्थना करता येते.

सावधान : घरच्यांना कळण्याआधी व्हॉट्सअॅपवर नाव टाकू नका. एका बहिणीला भाऊ गेल्याचं प्रार्थनेच्या ग्रुपवरून कळलं होतं. खाली हात जोडल्याची चाळीस चित्रं होती. पहिला संदेश एवढाच असावा : "आपल्या गावात दुर्घटना झाली आहे. खात्रीची माहिती मिळाली की कळवू. तोवर फोन करू नका, घराकडे गर्दी करू नका, आपापल्या ठिकाणी प्रार्थना करा." फोटो अजिबात नको.

दरड किंवा पूर असेल तर तिथे पोहोचण्याचा हट्ट धरू नका. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला पायवाट, मोठी यंत्रं नेता आली नाहीत, हाताने खणावं लागलं. अशा वाटेवर आपले पंधरा उत्साही कार्यकर्ते म्हणजे जवानांना आणखी पंधरा अडथळे. पायथ्याशी थांबा आणि प्रशासनाला विचारा, काय हवंय.

## टप्पा 3 : शवागाराबाहेरचे तास

अकस्मात मृत्यू म्हटलं की पोलिसांत नोंद, पंचनामा, शवविच्छेदन आलंच. रात्री देह आणला असेल तर बहुतेक ठिकाणी सकाळपर्यंत थांबावं लागतं. ते थांबणं कुटुंबाच्या कायम लक्षात राहतं. आपली मंडळी मात्र तिथे क्वचितच दिसते, कारण ती संध्याकाळच्या सभेच्या तयारीत असते.

क्रमांक 2 च्या माणसाने इथे चार कामं करायची. घरातल्या म्हाताऱ्यांना बसायला जागा बघायची. पाणी द्यायचं, "पाणी हवंय का" असं न विचारता हातात ग्लास ठेवायचा. जबाब लिहून घेताना शेजारी उभं राहायचं आणि मृताचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहिलं जातंय का ते बघायचं. "बाळू" आणि "बाळासाहेब" हा फरक पुढे विम्याच्या वेळी सहा महिने खातो. आणि नोंदीचा क्रमांक, तारीख, अंमलदाराचं नाव वहीत टिपून घ्यायचं.

तपासा : देह ताब्यात घेताना ओळख कोण पटवणार? आईवर सोडू नका. काका, मामा, कोणीतरी ठरवा. पण आईला शेवटचं बघायचंच असेल तर तिला अडवूही नका. काय दिसेल ते आधी हळूच सांगा आणि बरोबर आत जा.

## टप्पा 4 : घरात पाऊल ठेवताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बायबलातल्या ईयोबाने मुलंबाळं, सगळं गमावलं तेव्हा त्याचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. आठव्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. पुढचे पस्तीस-चाळीस अध्याय त्याचे साक्षी आहेत. मंडळीतून भेटीला निघालेल्या प्रत्येकाने एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

माझं सांगतो. एका वस्तीवर नववीतला मुलगा शेततळ्यात बुडून गेला होता. वडील ओट्यावर, खांबाला टेकून. मी शेजारी बसलो, खांद्यावर हात ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "देवाची इच्छा." ते काही बोलले नाहीत. उठले, गोठ्यात गेले आणि आधीच पाणी प्यायलेल्या म्हशीपुढे पुन्हा बादली ठेवली. मी असेपर्यंत परत आले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

म्हणू नये असं :

- "देवाची इच्छा होती." देवाने मुलाला पाण्यात ढकललं, असंच आईला ऐकू येतं.
- "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात."
- "तुम्हाला आणखी एक आहे ना, त्याच्याकडे बघा."
- "रडू नका, विश्वासणारे रडत नाहीत." लाजराच्या कबरेजवळ, त्याला उठवणार हे ठाऊक असतानाही, येशू रडला. योहान 11:35. बायबलातलं हे सर्वांत लहान वचनांपैकी एक, आणि तरी विसरलं जातं.
- "काहीतरी पाप घडलं असेल." हे बहुधा पाठीमागे म्हटलं जातं, पण घरापर्यंत पोहोचतंच. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न लूक 13 मध्ये येशूनेच विचारला आणि "नाही" असं उत्तरही दिलं. ही कुजबूज मंडळीत कानावर आली तर पाळकांनी त्याच दिवशी थांबवावी.

म्हणावं असं फार थोडं आहे. "मी आलोय." "काय बोलावं सुचत नाही." मृताचं नाव घेऊन, "तो मला रस्त्यात भेटला की सायकल थांबवून हात करायचा." नाव घ्यायला घाबरू नका. नाव टाळलं की घरच्यांना वाटतं, माणूस दुसऱ्यांदा पुसला गेला.

बसायचं किती? वीस मिनिटं. ज्या बायका थांबायच्या ठरल्या आहेत त्या थांबतील, बाकीच्यांनी निघावं. निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. कोणीही सांगत नसतं. "संध्याकाळी धारा काढायला मुलाला पाठवतो" असं सांगा, आणि पाठवा.

## टप्पा 5 : त्या घरात प्रार्थना

आधी विचारायचं. घर मंडळीतलं असो, हिंदू असो, मुस्लिम असो, प्रश्न तोच : "तुमची हरकत नसेल तर दोन मिनिटं प्रार्थना करू का?" उत्तर "नंतर बघू" आलं तर ते "नाही" समजा आणि चहाचे कप उचलायला लागा. परवानगीशिवाय डोक्यावर हात ठेवू नये, तेल लावू नये, हात वर करून मोठ्याने सुरू होऊ नये. दुसऱ्या धर्माच्या घरात तर मुळीच नाही. त्यांचं सुतक असेल, त्यांचे विधी चालू असतील. मधे यायचं नाही. मदतीच्या पिशवीत धर्माच्या पत्रिका आणि नवे करार (बायबलचा दुसरा भाग) घालण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. भुकेल्या माणसाला धान्याबरोबर पत्रिका दिली की त्याला वाटतं, धान्याची किंमत वसूल होतेय. पुढे जे गैरसमज आणि तक्रारी होतात, त्या मंडळीने स्वतःच्या हाताने ओढवलेल्या असतात.

होकार मिळाला तर दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं. आवाज बोलण्याचा. खाली बसून. प्रार्थनेतून उपदेश नको, आणि देवाला सांगायच्या मिषाने घरच्यांना बातम्याही नकोत. नमुना असा :

"प्रभू, आम्हाला हे समजत नाही. तुझ्यापुढे तसंच मांडतो. या आईचं रडणं तू ऐकतोस. आजची रात्र या घरात तू थांब. जे दवाखान्यात आहेत त्यांना सांभाळ. आमेन."

एवढं पुरतं. शब्दच सुचले नाहीत तर रोमकरांस 8:26 आपल्यासाठीच आहे : प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो.

कोणतं वचन वाचावं, हे लोक नेहमी विचारतात. स्तोत्र 23 सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते चालतं. घरातली आजी बरोबर म्हणू लागते आणि तिला आधार मिळतो. पण पहिल्याच दिवशी विजयाची, आभाराची स्तोत्रं काढू नका. स्तोत्र 13 देवाला विचारतं, कोठवर विसरणार? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी कुठेही उजेड पडत नाही. ही स्तोत्रं आपण वर्षभर वगळतो, आणि गरज पडते तेव्हा ती आपल्या ओळखीची नसतात.

सावधान : माणूस बेपत्ता असेल तर भूतकाळात बोलू नका आणि "नक्की सापडेल" असंही म्हणू नका. इर्शाळवाडीत 27 मृतदेह मिळाले, 57 जण मिळालेच नाहीत आणि शोध थांबला. अशा घरात "प्रभू, तो कुठे आहे हे तुला ठाऊक आहे" याच्या पुढे जाणं धोक्याचं.

## टप्पा 6 : दफनविधी

इथे थोडक्यात. वेळ कुटुंबाने ठरवायची, येणाऱ्या पाहुण्या वक्त्यांनी नाही. कबरस्तानात जागा, खोदणारी माणसं, पेटी, दोर आणि पावसाळा असेल तर ताडपत्री, हे सकाळीच बघून घ्या. एकाच वेळी दोन-तीन पेट्या असतील तर कोणाची कुठे हे चिठ्ठी लावून ठेवा. गोंधळ झाला की तो कायमचा राहतो. संदेश सात मिनिटांचा. कबरेच्या काठावर उभं राहून "आज तुमची वेळ आली तर कुठे जाल?" अशी हाक देऊ नका. शोकात असलेल्या गर्दीला पकडल्यासारखं होतं ते.

मृत व्यक्ती दुसऱ्या धर्माची असेल तर आपण अंत्ययात्रेत मागे चालायचं, खांदा मागितला तर द्यायचा, आणि परतायचं.

## टप्पा 7 : भाकरी आणि पैसा

खेड्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी आणतो. मंडळीने ही रीत मोडायची नाही, तिच्यात शिरायचं. शेजारणींशी बोलून वार वाटून घ्या. नाहीतर पहिल्या दिवशी सात घरांतून पिठलं येतं आणि पाचव्या दिवशी कुठूनच काही येत नाही. वाटण्याच्या यादीची सुरुवात चौथ्या दिवसापासून करा. पहिले तीन दिवस गाव बघतंच. लहान मुलांना दूध, म्हाताऱ्यांना मऊ भात आणि साखर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या गोळ्या, ही तीन नावं यादीत वेगळी लिहा. गोळ्या हमखास चुकतात.

जुने कपडे गोळा करू नका. बॅनर लावून मागवलेल्या जुन्या कपड्यांचा आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत इतका ढीग झाला की शेवटी पावसाळ्यात उंदरांनी तो संपवला. त्यात एक शेरवानी होती.

पैशांचे नियम कडक ठेवा :

1. कुटुंबाला काय हवंय ते विचारून आकडा ठरवा, मग मागणी करा. आधी वर्गणी आणि मग विचार, असं नको.
2. प्रत्येक रुपयाची पावती. पैसे मोजताना दोघं असावेत, नात्यातले नसावेत.
3. चर्च ट्रस्टच्या खात्यातच पैसे घ्या. कोणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर नको, तो माणूस कितीही सज्जन असो.
4. 80जी ची (आयकरात सवलतीची) पावती देणार असाल तर देणाऱ्याला सांगा की 2000 रुपयांवरच्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.
5. परदेशातून पैसे येत असतील तर थांबा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे पैसेही कायद्याने परदेशी देणगी ठरतात आणि एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टला ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर परदेशात असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर गोष्ट वेगळी. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने ते घेऊन तुमच्याकडे वळवायचे, ही पळवाट 2020 च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. शंका असेल तर आधी सीएला विचारा.
6. देताना फोटो नाही. मत्तय 6 मध्ये उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नका असं आहे. आपण तर तिसऱ्याच्या हातात मोबाईल देतो.

## टप्पा 8 : गावाची प्रार्थनासभा

आता, चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, माईकची वेळ. त्याआधी नाही. कुटुंबाला विचारून दिवस ठरवा. त्यांना यायचं नसेल तर आग्रह नको, पुढची रांग त्यांच्यासाठी राखून वगैरे तर अजिबात नको. मैदानात घेणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या. सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, मंदिराचे आणि मशिदीचे विश्वस्त यांना स्वतः जाऊन बोलवा. प्रार्थना आपल्या पद्धतीने, येशूच्या नावानेच होणार हे त्यांना आधी सांगा. लपवून बोलवलं तर तो त्यांचा अपमान आहे.

चाळीस मिनिटांचा क्रम असा जमतो :

1. दोन वाक्यांत स्वागत. सत्कार नाही, शाल नाही, नारळ नाही.
2. सगळ्यांना येणारं एक संथ गीत. ढोलकी नको.
3. विलापाचं स्तोत्र, हळू वाचून.
4. मृतांची नावं. एकेक नाव, मधे श्वासाइतकं थांबून. उच्चार घरच्यांकडून आदल्या दिवशी विचारून घ्या.
5. तीन मिनिटं शांतता. घड्याळ लावून. दीड मिनिटाला लोक चुळबुळतात, खोकतात, तरीही थांबायचं.
6. संदेश, दहा मिनिटं. का घडलं याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करू नये.
7. मध्यस्थीच्या प्रार्थना, चार वेगवेगळ्या माणसांनी : घरच्यांसाठी, जखमींसाठी, ज्यांनी पाण्यात उड्या मारल्या त्यांच्यासाठी, डॉक्टर-पोलिसांसाठी. प्रत्येकाने लिहून आणावी, अर्ध्या पानाच्या वर जाऊ नये.
8. प्रभूची प्रार्थना, सगळ्यांनी मिळून.

पुढाऱ्यांची भाषणं यात बसत नाहीत. कोणी आलंच तर "आपण मेणबत्ती लावा" म्हणून मेणबत्ती हातात द्या. माणूस त्या कामात गुंततो.

## टप्पा 9 : कागद

दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरते आणि कागद सुरू होतात. मंडळीत एक निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक किंवा बँकेतला माणूस असतोच. त्याला त्या घराशी बांधून द्या.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि ती मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस गावचा, पण प्राण शहरातल्या दवाखान्यात गेला, तर ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. तिथल्या महापालिकेकडे जावं लागतं. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

मग पासबुक काढा आणि मे-जूनच्या नोंदी बोटाने बघत जा. 20 रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : अपघाती मृत्यूला 2 लाख. 436 कापले असतील तर जीवन ज्योती, त्यातही 2 लाख. कित्येक घरांना आपण हप्ता भरतोय हेच ठाऊक नसतं. बँकेत लगेच कळवा, यात दिवस महत्त्वाचे असतात. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा. पाण्यात बुडून झालेला मृत्यूही तिच्यात येतो. शाळकरी मूल असेल तर मुख्याध्यापकांना विद्यार्थी अपघात योजनेचं विचारा. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दाव्याची मुदत सहा महिने आहे. नैसर्गिक आपत्ती असेल तर तलाठ्याचा पंचनामा झाल्याशिवाय पुढे काहीच सरकत नाही.

सावधान : मूळ कागद कोणालाही देऊ नका, मंडळीच्या माणसालाही नाही. झेरॉक्सचे पाच संच काढा, मूळ कागद घरातच पत्र्याच्या पेटीत.

## टप्पा 10 : मुलं

आई-वडील दोघेही गेलेलं मूल असेल तर "आमच्या वसतिगृहात ठेवू" म्हणून गाडीत घालून नेऊ नका. कितीही प्रेमाने केलं तरी ते कायद्याच्या बाहेर आहे. 1098 या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा. पुढचा निर्णय बालकल्याण समितीचा. त्या मुलाचा फोटो आणि नाव कुठेही छापायचं नाही.

बुडालेल्या मुलाचे मित्र मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. काठावर उभा राहिलेला, घाबरून पळालेला तो दुसरा मुलगा. त्याच्या घरी संडे स्कूलच्या ताई-दादांनी जावं. त्याला प्रश्न विचारू नयेत. बरोबर क्रिकेट खेळावं, बोलला तर ऐकावं. "झोपलाय" किंवा "देवाने नेला" असं मुलांना सांगू नये. मग मुलं झोपायला आणि देवाला दोघांनाही घाबरतात. "तो मेला, आता परत येणार नाही, आणि यात तुझी चूक नाही" हे सरळ शब्द त्यांना पेलतात. झोप उडाली, खाणं सुटलं, आठवड्यांनी फरक पडेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 आहे. मोठ्यांसाठीही.

## टप्पा 11 : ज्याच्यावर बोट आहे त्याचं घर

हा टप्पा कोणत्याही मंडळीच्या यादीत मी पाहिला नाही. शेततळ्याचा मालक. अपघातातल्या टेम्पोचा ड्रायव्हर, आणि त्याची बायको. कुंपण का नव्हतं, वेगात का होता, हे पोलीस बघतील. ते त्यांना बघू द्या, मधे पडून "मिटवून घ्या" म्हणू नका. ख्रिस्ती क्षमेच्या नावाखाली तक्रार मागे घ्यायला लावणं, हा शोकात असलेल्या घरावर दुसरा घाव आहे. पण मालकाच्या घरी कोणीतरी गेलं पाहिजे. संध्याकाळी, गाजावाजा न करता, दोघांनीच. मृताच्या घरी जाणारी माणसं वेगळी आणि ही वेगळी ठेवा. आम्ही गेलो त्या घरी तीन दिवस दाराला आतून कडी होती आणि दूध डेअरीला गेलं नव्हतं. आम्ही कॅन उचलून घालून आलो. बोलणं असं काही झालंच नाही.

## टप्पा 12 : चाळिसाव्या दिवसानंतर

येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले आणि "मी परत येईन तेव्हा वरचा खर्च देईन" असं सांगितलं. परत येण्याचा भाग आपण वाचतो आणि सोडून देतो.

पैशांच्या वहीतच मागच्या पानावर वर्षभराच्या तारखा लिहा : महिना, मृताचा वाढदिवस, शाळा सुरू होण्याचा दिवस, निकाल, पहिला नाताळ, वर्षश्राद्ध किंवा वर्षाची प्रार्थना. प्रत्येक तारखेसमोर जाणाऱ्याचं नाव. लातूर-धाराशिवचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा, पण ती अनंत चतुर्दशीनंतरची पहाट होती. अशा घरांत तारखेइतकाच सणही जड जातो. म्हणून बैल पोळा, दिवाळी, ईद, जो त्या घरचा सण असेल तोही लिहा.

आपल्या पाच जणांनाही विसरू नका. शवागाराबाहेर रात्र काढलेल्या माणसाला पुढच्या रविवारी वचन वाचायला उभं करू नका. 1 राजे 19 मध्ये थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. देव त्याच्याशी बोलला तो नंतर.

## टप्पा 13 : दोर

शेततळ्याचं प्लास्टिक उताराला लावलेलं असतं आणि त्यावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. हात घसरतो, पाय घसरतो, काठ दोन हातांवर दिसत राहतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात, ते यामुळे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एक शनिवार ठरवा. तरुण संघ, ग्रामपंचायतीची आणि शेतमालकाची परवानगी, आणि गावातल्या प्रत्येक शेततळ्याची यादी. जाड नायलॉनचा दोर घ्या, हाताला पकड मिळावी म्हणून दर फुटावर गाठ मारा. एक टोक बांधावर खोल गाडलेल्या लोखंडी अँगलला, दुसरं पाण्यात तरंगणाऱ्या ट्यूबला किंवा बूच घट्ट लावलेल्या रिकाम्या कॅनला. चारही बाजूंना एकेक. एका बाजूला बांधून निघू नका; घाबरलेला माणूस तळ्याच्या पलीकडे पोहत जात नाही. कुंपण तुटलं असेल तिथे तार ओढा.

दोर उन्हाने सडतो. पुढच्या वर्षी त्याच शनिवारी प्रत्येक दोराला दोघांनी लटकून बघा, आणि तुटला तो बदला.